तुटलेला बोल्ट काढायला मुलांना कसं शिकवायचं? इझी-आउट आधी की शेवटी?

शिल्पनिदेशक:

नमस्कार मंडळी. आयटीआयला मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवतो. आंधळ्या (आरपार नसलेल्या) होलमधला तुटका स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, काढायचं प्रॅक्टिकल अभ्यासक्रमात आहे, पण एका दिवसात उरकलं जातं आणि मुलांच्या हाताला काही लागत नाही. पोरं पहिल्या मिनिटाला ड्रिल उचलतात, वाकडं होल पाडतात, त्यात इझी-आउट (तुकडा आतून पकडून उलटा फिरवायचं निमुळतं हत्यार) ठोकतात आणि तो आत तोडून ठेवतात. मग जॉब कायमचा गेला.

बॅच २४ मुलांची आहे. एक पिलर ड्रिल, दोन हँड ड्रिल (वेग कमी-जास्त होणारे), २०० अँपिअरचा आर्क वेल्डिंग सेट, ऑक्सी-अॅसिटिलीन आणि एक जुना लेथ. मिग (सलग तार सोडणारं वेल्डिंग) नाही. भंगारातून ट्रॅक्टर इंजिनाचा बिडाचा हेड आणि दुचाकीचे अॅल्युमिनियमचे क्रँककेस मिळालेत. एकूण सहा-सात दिवस देता येतील.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सरावासाठी खऱ्यासारखे जाम झालेले तुटके बोल्ट कसे तयार करावेत? कुठली पद्धत आधी शिकवावी? आणि गुण कशावर द्यावेत?

---

आटेदार:

सर, पहिला अख्खा दिवस हत्याराला हात लावू देऊ नका. तुटके बोल्ट टेबलावर मांडा आणि प्रत्येकाकडून एकच उत्तर घ्या: हा घट्ट करताना तुटला की सैल करताना?

पुढचं सगळं याच्यावर ठरतं. घट्ट करताना जास्त ताण देऊन तुटला, तर डोकं उडाल्याबरोबर आटे मोकळे होतात, त्यांना दाबून धरणारं काही उरत नाही. असा तुकडा धारदार पोगराने कडेला हलके ठोके देत उलटा फिरवला तरी निघतो. गंजून जाम झालेला, सैल करताना तुटलेला बोल्ट ही वेगळीच जात. तिथे आट्यांनी बोल्टच्या पूर्ण जाडीपेक्षा जास्त जोर खाल्लेला असतो.

आता इझी-आउटचं गणित फळ्यावर मांडा. एम८ (८ मिमी आट्याच्या) बोल्टचा गाभा साधारण ६.५ मिमी. त्यात ४ मिमीचं होल पाडून जो इझी-आउट बसतो तो पकडीच्या जागी चार-सव्वाचार मिमी. पिळाची ताकद व्यासाच्या घनावर जाते. म्हणजे त्याच पोलादाचा असता तर तो बोल्टच्या जेमतेम पाव ताकदीचा. पोलाद दुप्पट कडक धरलं तरी निम्म्याच्या आसपासच. अख्खा बोल्ट जिथे तुटला तिथे हा काय टिकणार? वर त्याचा आकार निमुळता, त्यामुळे तो बोल्टला आतून फुगवतो आणि आटे आणखी आवळतात. म्हणून जाम बोल्टला इझी-आउट नुसता लावायचा नाही. आधी उष्णता, ठोके, तेल यांनी आटे मोकळे झाल्याची खात्री, मग इझी-आउट.

सरावाचे जॉब असे करा. एम८ × ४० चे बोल्ट घ्या, अर्धे ४.६ ग्रेडचे (मऊ), अर्धे ८.८ चे (जास्त मजबूत). लेथवर मान ४ मिमीपर्यंत कापा, पण तीन वेगवेगळ्या जागी: काहींची अशी की तुटल्यावर पृष्ठभागाच्या ५ मिमी वर तुकडा उरेल, काही बरोबर पृष्ठभागाला, काही ३ मिमी आत. बिडाच्या हेडमध्ये ६.८ चं ड्रिल मारून एम८ च्या टॅपने आटे पाडा. पहिल्या गटातले बोल्ट कोरडेच बसवा, डोक्याखाली नळीचा तुकडा ठेवून घट्ट करत तोडा. ही झाली सोपी जात.

दुसऱ्या गटाच्या आट्यांना लाल थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा गोंद) लावा, २४ तास ठेवा आणि मग बोल्ट उलटा फिरवून तोडा. मान बारीक असल्यामुळे तो सैल करताना तुटतो आणि खालचा तुकडा खराखुरा जाम राहतो. लाल थ्रेडलॉकर अडीचशे अंशांच्या आसपास नरम पडतो, त्यामुळे गरम केलं की निघतं हे मुलांच्या हाताला त्याच दिवशी कळतं. खरा गंज हवा असेल तर मिठाच्या पाण्यात बुडवून, काढून, वाळवून दोन-तीन आठवडे ठेवावं लागतं. तो गट सत्राच्या सुरुवातीलाच करून ठेवा.

८.८ चे बोल्ट नंतर द्या. ४.६ चं पोलाद मऊ, त्यात ड्रिल लोण्यासारखा जातो आणि मुलांना वाटतं आपल्याला जमलं.

---

ठिणगी:

आटेदारांशी सहमत. तुकडा पृष्ठभागाच्या वर किंवा बरोबरीला असेल तर माझं पहिलं मत नट वेल्ड करण्याला. ड्रिल त्यानंतर.

मुलांना यामागचं कारण सांगा, नाहीतर ते याला नुसतं हँडल चिकटवणं समजतात. नट हे हँडल आहेच, पण खरं काम उष्णता करते. वेल्डिंगमध्ये तुकडा लालभडक होतो आणि फुगू पाहतो. भोवतीचं बीड थंड असल्यामुळे त्याला बाहेर फुगायला जागा नसते, मग तो आतल्या आत चेपला जातो. थंड होताना आकसतो तेव्हा आधीपेक्षा किंचित बारीक झालेला असतो आणि गंजाचा थर तडकतो. म्हणून वेल्ड झाल्या झाल्या पाना लावायचा नाही. लाली जाऊ द्या, नट काळा दिसू लागला की मिनिट-दोन मिनिटं थांबा. पाणी ओतायचं नाही. ८.८ चं पोलाद पाण्याने कडक होऊन वेल्डच्या कडेला काचेसारखं तुटतं, आणि बिडाला तडा जातो तो वेगळाच.

एम८ च्या तुकड्यावर एम१० चा नट ठेवा, म्हणजे आत साडेआठ मिमी जागा मिळते. तुकडा पृष्ठभागाच्या बरोबरीला असेल तर आधी तुकड्यावर वेल्डचा एक उंचवटा उभा करा, वर वॉशर ठेवून तो आतून जोडा, मग वॉशरवर नट. जस्त चढवलेला चकचकीत नट वापरू नका, धूर वाईट आणि वेल्डही फसफसतो. काळा नट घ्या किंवा जस्त कानशीने उतरवा.

मिग असतं तर काम सोपं होतं, पण आर्कनेही होतं. २.५ मिमीचा ६०१३ रॉड, ८० ते ९० अँपिअर. रॉड नटाच्या मधोमध सरळ खाली, आर्क आखूड, सुरुवात तुकड्याच्या मध्यावर. तुकडा वितळून डबकं तयार झालं की मगच नटाच्या भिंतीकडे सरका आणि न थांबता वरपर्यंत भरा. मुलं इथे एकच चूक करतात: आर्क नटाच्या भिंतीला लागतो, नट सुंदर भरतो आणि खाली तुकड्याला काहीच चिकटलेलं नसतं. पाना लावला की नट हातात. मध्येच थांबून पुन्हा आर्क धरला तर खाली स्लॅग अडकतो, परिणाम तोच.

नट काळा झाला की मेणबत्ती तुकड्याच्या मुळाशी टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मग पाना आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला, मग सैल, पुन्हा घट्ट. एका दिशेने कधीच ओढायचं नाही. हलायला लागला की पाव फेरा बाहेर, थोडा आत, असं करत आणायचा. करकर आवाज आला की थांबा, तेल द्या. वेल्ड दोन-तीनदा तुटला तरी बिघडत नाही, दर वेळी तुकडा पुन्हा तापून आकसतोच.

सुरक्षेचं: गाडीवर काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, वेल्डिंगची अर्थिंग केबल त्याच हेडला, वेल्डच्या जवळ जोडा. जॉब ब्रेक क्लीनरने पुसला असेल तर वेल्डिंग करू नका. क्लोरीनवाल्या क्लीनरपासून आर्कमध्ये फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

---

टर्नर_दादा:

ड्रिलची बाजू मी मांडतो, कारण तुकडा आत तुटला असेल तर शेवटी सगळे तिथेच येतात.

केंद्र चुकलं की सगळं चुकलं. तुटलेलं तोंड कधी सपाट नसतं, एका बाजूला उंच असतं, त्यावर पंच घसरतो. तुकडा वर असेल तर आधी कानशीने सपाट करा. आत असेल तर पंचावर भरवसा ठेवूच नका, मार्गदर्शक बुश बनवा. शाळेत लेथ आहे ना? एम८ चा बोल्ट लेथला धरून मधून आरपार ४ मिमीचं होल पाडा. हा पोकळ बोल्ट त्याच होलमध्ये वरून आटत न्या, तुकड्याला टेकेपर्यंत. वरचे आटे शाबूत असतात, त्यामुळे बुश आपोआप केंद्रात बसतो. त्यातून ४ चा ड्रिल गेला की तो वाकडा जाऊच शकत नाही. २४ मुलांना असा एकेक बुश करायला लावा, लेथचाही सराव होतो.

तुकडा पृष्ठभागाच्या बरोबरीला तुटला असेल आणि तो मॅनिफोल्डचा (हेडला बसणाऱ्या हवेच्या किंवा धुराच्या नळीचा) असेल, तर मॅनिफोल्डच ड्रिलला वाट दाखवणारा जिग म्हणून बसवा. त्याच्या होलमध्ये घट्ट बसेल असा बुश फिरवून घ्या.

वेग मुलांच्या हातून नेहमी जास्त होतो. ८.८ च्या बोल्टला कापण्याचा वेग मिनिटाला १२ ते १५ मीटर धरा. म्हणजे ३ मिमीच्या ड्रिलला १३०० ते १६०० आरपीएम, ६.५ च्या ड्रिलला जेमतेम ६०० ते ७००. हँड ड्रिलचा घोडा पूर्ण दाबला की तो याच्या कितीतरी वर जातो. दाब कमी आणि वेग जास्त झाला की ड्रिल घासत राहतो, तोंड कडक होतं, मग नवा ड्रिलही सरकतो. बरोबर चाललंय हे चिपवरून ओळखा: गुंडाळलेली चिप आली पाहिजे. पावडर येत असेल तर थांबा आणि धार लावा.

उलट्या फिरकीचे ड्रिल मिळाले तर जरूर घ्या, बहुतेक वेळा इझी-आउटची गरजच पडत नाही. ड्रिल मशीन उलट्या दिशेला लावून होल पाडत जायचं. ड्रिल जिथे अडकतो तिथे तोच तुकड्याला सैल करायच्या दिशेने ओढतो. आधी जॉब गरम केलेला असेल तर तुकडा ड्रिलवर चढून बाहेर येतो.

एवढं करूनही हलला नाही तर ४, मग ५, मग ६.५. एम८ मध्ये ६.५ चा ड्रिल बरोबर केंद्रातून गेला की बोल्टचा गाभा संपतो आणि होलमध्ये फक्त आट्यांचं वेटोळं उरतं, पातळ स्प्रिंगसारखं. त्याचं टोक स्क्रायबरने आत वळवा, लांब नाकाच्या पकडीने धरून ओढा. मग एम८ टॅप, तोही बॉटमिंग (तळापर्यंत आटे पाडणारा), कारण होल आंधळं आहे. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, चुरा त्यात चिकटून बाहेर येतो. होलची खोली शेजारच्या होलवरून मोजून ड्रिलवर टेप गुंडाळा. बिडाच्या हेडमध्ये बऱ्याच होलांच्या मागे वॉटर जॅकेट (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पोकळी) असतं.

---

शिल्पनिदेशक:

मनापासून आभार. पोकळ बोल्टची युक्ती उद्यापासूनच.

दोन शंका. अॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये हाच क्रम चालेल का? तिथे ड्रिल हमखास कडेला घसरतो. आणि दुसरं, इझी-आउट आत तुटलेले चार जॉब पडून आहेत. ते टाकून द्यायचे की त्यातूनही काही शिकवता येईल?

---

बीड_आणि_अॅल्युमिनियम:

अॅल्युमिनियमला क्रम तोच, पण उष्णतेचा हिशोब उलटा. बीड आणि पोलाद जवळपास सारखेच फुगतात, म्हणून बिडात तुकडा तापवायचा. अॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट फुगतं, म्हणून इथे केसिंग तापवायचं. ८ मिमीच्या होलला १३० अंशांची वाढ दिली तर होल आणि बोल्ट यांत साधारण ०.०१ मिमीचा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण जाम आट्यांना तेवढा पुरतो. १५० अंशांवर थांबा. २०० च्या वर बऱ्याच मिश्रधातूंची ताकद कमी होते, आणि अॅल्युमिनियम लाल न होता एकदम वितळून खाली बसतं, डोळ्याला आधी काही कळत नाही. ऑक्सी-अॅसिटिलीनची ज्योत मुलांच्या हातात नको. हॉट एअर गन किंवा ओव्हन. इन्फ्रारेड तापमापी वापरत असाल तर चकचकीत अॅल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो, तिथे काळ्या मार्करचा ठिपका मारून त्यावर मोजा. आणि केसिंगला तेल लागलेलं असेल तर आधी धुऊन घ्या.

नट वेल्डिंग अॅल्युमिनियममध्येही चालतं. पोलादाचा वेल्ड अॅल्युमिनियमला जोडला जात नाही, हा इथे फायदाच आहे. फक्त आर्क कडेला लागू द्यायचा नाही, कड वितळेल.

ड्रिल घसरतो कारण बाजूचा धातू मऊ आहे आणि ड्रिल सोपी वाट धरतो. हँड ड्रिलने हे काम अॅल्युमिनियममध्ये करूच देऊ नका. पिलर ड्रिल, केसिंग क्लॅम्पने बांधलेलं आणि बुश. होल आधीच वाकडं गेलं असेल तर मोठा ड्रिल घालून ते सरळ होत नाही, तो जुन्याच वाटेने जातो. एंडमिल (सपाट तोंडाचं मिलिंग कटर) घ्या. तो जुन्या होलच्या मागे जात नाही, जिथे उभा कराल तिथेच खाली उतरतो.

आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची कॉइल). एम६ ला ६.३, एम८ ला ८.३, एम१० × १.५ ला १०.४ चा ड्रिल, मग त्या किटमधलाच टॅप. साधा टॅप चालत नाही. कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसली पाहिजे. खालची दांडी पंचने तोडायची आणि तुकडा बाहेर काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. खरं सांगायचं तर अॅल्युमिनियममध्ये नीट बसलेली हेलिकॉइल मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकते, म्हणून हा पराभव समजायचं कारण नाही.

तुटलेल्या इझी-आउटचं बघा. एचएसएस ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. टोकदार पंचने दोन-तीन कडक ठोके द्या, ठिसूळ असल्यामुळे कधीकधी तुकडे पडतात (चष्मा हवाच, तुकडे गोळीसारखे उडतात). नाहीतर डाय ग्राइंडरला कार्बाइड बर (कडक धातूचं छोटं फिरतं कटर). तेही नाही जमलं तर ईडीएम म्हणजे स्पार्क इरोजन, विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं. डाय-मोल्डचं काम होणाऱ्या औद्योगिक वसाहतीत हे मशीन असतं. इलेक्ट्रोड इझी-आउटचा मधला भाग जाळत जातो, आट्यांना धक्का लागत नाही. चारपैकी एक जॉब मुलांना घेऊन तिकडे जा आणि ईडीएमला पैसे किती लागतात ते मुलांसमोर विचारा.

आणखी एक, अॅल्युमिनियमच्या छोट्या सुट्या भागांसाठी: तुरटी. कार्ब्युरेटर बॉडीत एम४ चा स्क्रू किंवा तुटका टॅप अडकला असेल तर गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घाला, भाग पूर्ण बुडवा, पाणी उकळीच्या जरा खाली ठेवा. पोलादावरून बुडबुडे निघत राहतात आणि काही तासांत स्क्रूचा काळा गाळ होतो. अॅल्युमिनियम आणि पितळ तसंच राहतं. मधूनमधून गाळ टोचून काढा, पाणी बदला. पोलादाची पिन, स्प्रिंग, बेअरिंग काही आत राहिलं तर तेही खाल्लं जाईल. बिडाला हा उपाय नाही. वर्गात सकाळी लावून ठेवा, संध्याकाळपर्यंत फरक दिसतो.

---

आटेदार:

गुणांचं राहिलं होतं. नुसता "बोल्ट निघाला" याला फार गुण देऊ नका, होल मोठं करून कोणीही काढेल. नवा एम८ बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत गेला पाहिजे, ही पहिली कसोटी. मग टॉर्क पान्याने २५ न्यूटन-मीटर द्या (८.८ चा बोल्ट), आटे टिकले पाहिजेत. आत तेल नाहीये ना ते आधी बघा. आंधळ्या होलमध्ये तेल साचलेलं असताना बोल्ट आवळला तर तेल दबत नाही, बीड फुटतं. हवा मारताना तोंड बाजूला आणि वर फडकं.

त्यानंतर जॉब हॅकसॉने होलच्या मधून उभा कापा. ड्रिल कुठे कलला, आटे कुठे खाल्ले, तळाशी किती राहिलं, सगळं समोर येतं. ज्याने जॉब केला त्यालाच कापायला लावा आणि वाकडेपणा व्हर्नियरने मोजून जर्नलमध्ये लिहायला लावा.

आणि अर्धे गुण थांबण्याला ठेवा. एक जॉब मुद्दाम असा द्या की बोल्टचं डोकं अजून शाबूत आहे, पण आटे जाम आहेत. पान्याला स्प्रिंगसारखं वाटू लागतं, हात फिरतो पण आटे फिरत नाहीत, तेव्हा बोल्ट पिळला जात असतो. त्या क्षणी जो पाना सोडून गॅसकडे गेला, त्याला पूर्ण गुण.

---

ठिणगी:

शेवटच्या जॉबला जोड. पाना लावण्याआधी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने आठ-दहा सरळ ठोके द्यायला लावा, बिडात. गंजाची पकड सुटते. अॅल्युमिनियमच्या पातळ कानावर मात्र नको.

नवा एक्झॉस्ट स्टड बसवताना आट्यांना कॉपर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावायची सवय इथेच लावा. कंपनीचा टॉर्क कोरड्या आट्यांचा असेल तर अँटी-सीझ लावल्यावर तोच आकडा दिला की स्टडला जास्त ताण बसतो, आकडा थोडा कमी घ्यावा लागतो. नाहीतर तोच स्टड पुढच्या बॅचला सरावाला येईल.